येशूचे ऐतिहासिकत्व आणि साष्टीतील प्रेषितपरंपरा : पुराव्यांचा तौलनिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

अंधेरीच्या पूर्वेस, ‘सीप्झ’ या औद्योगिक वसाहतीच्या आवारात, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या नावाने बांधलेल्या एका जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत. जेझुइट पंथीयांनी ते इ. स. १५७९ मध्ये बांधले. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे कोंदिवट्याची वस्ती उठली व उपासनास्थान मरोळला हलविण्यात आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचाही पोर्तुगीज अमदानीत चर्च म्हणून उपयोग होत असे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे व ठाणे शहर ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथील ख्रिस्ती वस्तीच्या या दृश्य खुणा सोळाव्या शतकाच्या मागे जात नाहीत.

तथापि या भागात एक परंपरा सांगितली जाते, ती या अवशेषांहून पंधरा शतके मागे जाते. येशूच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे त्याने स्वतः निवडलेल्या शिष्यांपैकी, बार्थोलोम्यू हा कल्याण बंदरी आला व त्याने उत्तर कोकणात धर्मप्रसार केला, अशी ती परंपरा होय. १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करणाऱ्या येथील ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. परंपरा खरी असेल, तर त्याच्या धर्माची मुळे पोर्तुगीज सत्तेत नसून येशूच्या प्रत्यक्ष शिष्यमंडळात आहेत, असे म्हणता येईल.

या विषयावरील वादात दोन निरनिराळे प्रश्न वारंवार एकात मिसळले जातात. बार्थोलोम्यू कल्याणास आला काय, हा एक. आणि ज्याचा तो शिष्य, तो येशू ऐतिहासिक पुरुष होता काय, हा दुसरा. येशू निश्चित होऊन गेला, तेव्हा त्याच्या शिष्याची कथाही खरी, असे एक पक्ष मानतो. कल्याणची कथा दंतकथा दिसते, तेव्हा येशूही दंतकथाच, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही अनुमाने सदोष आहेत. प्रत्येक विधानाचा पुरावा स्वतंत्रपणे तोलावा लागतो. मात्र तराजू एकच असावा लागतो. प्रस्तुत लेखात तोच तराजू तीन विधानांना लावून पाहण्याचा उद्देश आहे.

२. कसोट्या

इतिहासातील बहुतेक ज्ञान शब्दप्रमाणावर आधारलेले असते, आणि शब्द प्रमाण ठरण्यासाठी तो उच्चारणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह जाणकार, असावा लागतो. ही आप्तता ठरविण्यासाठी इतिहासकार मुख्यतः चार गोष्टी पाहतो. पहिली, घटना व साक्ष यांमधील कालाचे अंतर. दुसरी, साक्षींचे परस्परस्वातंत्र्य; कारण एकाच मुखातून निघालेली वार्ता दहा ग्रंथांत आली तरी साक्षीदार एकच राहतो. तिसरी, साक्षीदाराचा हेतू. जे सांगणे त्याच्या सोयीचे नाही, ते त्याने रचले असण्याचा संभव कमी. चौथी, ग्रंथाचा संक्रमणमार्ग, म्हणजे मूळ लेखनापासून उपलब्ध प्रतीपर्यंत त्यात काय भर पडली वा काय गळले, याचा विचार.

चौथ्या कसोटीविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मूळ प्रत उपलब्ध नाही, एवढ्यावरून ग्रंथ वा त्याचा कर्ता काल्पनिक ठरत नाही. फादर थॉमस स्टीफन्स याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्याच्या सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. त्या आवृत्तीची, किंवा १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांची, एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ हाती आला आहे तो पुढील हस्तलिखितांतून. तरीही स्टीफन्सच्या अस्तित्वाविषयी कोणी शंका घेत नाही.

३. तराजूची परीक्षा : ठाणे, इ. स. १३२१

कसोट्या कशा चालतात हे पाहण्यासाठी प्रथम फारसे विवाद्य नसलेले एक उदाहरण घेणे इष्ट. इ. स. १३२१ मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार भिक्षू मारले गेले : तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. त्यांच्याबरोबर आलेला डोमिनिकन भिक्षू जोर्दानुस त्या वेळी ठाण्याबाहेर होता, म्हणून वाचला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने घोघा बंदराहून आपल्या धर्मबंधूंना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. काही काळाने ओदोरिक नावाचा दुसरा प्रवासी ठाण्यास आला. त्याने या भिक्षूंच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या आणि १३३० मध्ये आपला प्रवासवृत्तान्त लिहून घेवविला.

येथे कालाचे अंतर काही महिन्यांचे आहे, एक साक्षीदार मृतांचा सहप्रवासी आहे आणि दुसरा स्वतंत्रपणे त्या स्थळी पोहोचलेला आहे. घटना घडली, याविषयी संशयास जागा राहत नाही. परंतु ओदोरिकच्या वृत्तान्तात पेटत्या अग्नीने भिक्षूला स्पर्शही केला नाही, असा चमत्कारही वर्णिला आहे. तो चमत्कार न मानणारा इतिहासकार हत्येची घटना अमान्य करीत नाही. आणि हत्या सिद्ध झाली म्हणून चमत्कार सिद्ध झाला, असेही म्हणत नाही. एकाच साक्षीतील निरनिराळ्या विधानांचे वजन निरनिराळे असते. येशूविषयीच्या साधनांकडे वळताना हा धडा उपयोगी पडतो.

४. येशूविषयीची साक्ष

या प्रश्नावरील सर्वांत जुनी साधने म्हणजे पौलाची पत्रे होत, शुभवर्तमाने त्यानंतरची. पौलाच्या नावावरील पत्रांपैकी सात निःसंशय त्याची मानली जातात, आणि ती इ. स. ५० ते ६० च्या सुमाराची आहेत. येशूचा वधस्तंभावरील मृत्यू सामान्यतः इ. स. ३० किंवा ३३ चा धरला जातो. म्हणजे अंतर वीस-तीस वर्षांचे. पौलाने येशूला जिवंतपणी पाहिलेले नव्हते. तथापि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, यरुशलेमेत तो केफापाशी, म्हणजे पेत्रापाशी, पंधरा दिवस राहिला आणि तेथे प्रभूचा भाऊ याकोब यास भेटला. ‘प्रभूचा भाऊ’ ही केवळ धार्मिक पदवी होती, असा आक्षेप घेण्यात येतो. परंतु करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल ‘प्रभूचे भाऊ’ आणि इतर प्रेषित व केफा यांचा वेगवेगळा निर्देश करतो. त्यामुळे शब्दाचा अर्थ नात्याचाच घेणे अधिक सयुक्तिक ठरते. ज्याच्या सख्ख्या भावाशी लेखकाची ओळख आहे, असा पुरुष काल्पनिक ठरविणे कठीण आहे.

दुसरी साक्ष यहुदी इतिहासकार जोसेफस याची. इ. स. ९३-९४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या ‘यहुद्यांचा प्राचीन इतिहास’ या ग्रंथात येशूचा उल्लेख दोनदा येतो. अठराव्या खंडातील उतारा आजच्या स्वरूपात जोसेफसचा असू शकत नाही, कारण त्यात येशूला उघड उघड ख्रिस्त म्हटले आहे. आणि जोसेफस येशूला ख्रिस्त मानीत नव्हता, असे तिसऱ्या शतकातील ऑरिजेन सांगतो. ख्रिस्ती नकलकारांनी येथे भर घातली, हे उघड आहे. तिच्याखाली मूळचा लहानसा उल्लेख होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विसाव्या खंडातील उल्लेख निराळा आहे. इ. स. ६२ मध्ये मुख्य याजक हनन्या याने याकोब याला ठार करविले व त्यामुळे त्याचे पद गेले, ही हकिकत सांगताना ‘ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ’ अशी याकोबाची ओळख दिली आहे. येथे येशू हा विषयच नाही; भावाची ओळख पटावी एवढ्यापुरते त्याचे नाव येते. धर्माभिमानी नकलकाराने भर घातली असती, तर ती इतक्या कोरड्या शब्दांत घातली नसती.

तिसरी साक्ष रोमन इतिहासकार टॅसिटस याची. इ. स. ६४ मधील रोमच्या आगीसंबंधी सुमारे ११६ मध्ये लिहिताना, तिबेरियस बादशहाच्या काळी पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला, असे तो सांगतो. तो ख्रिस्ती लोकांचा तिरस्कार करतो, म्हणून पक्षपाताचा आरोप त्याच्यावर येत नाही. परंतु स्वातंत्र्याच्या कसोटीवर ही साक्ष काहीशी दुबळी ठरते. ‘ख्रिस्त’ हे मूळचे विशेषनाम नाही. ‘अभिषिक्त’ या अर्थाच्या हिब्रू ‘मशीह’ शब्दाचे ते ग्रीक भाषांतर आहे. टॅसिटस ते विशेषनाम म्हणून वापरतो. आणि पिलातास ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो, तर कैसरिया येथे १९६१ मध्ये सापडलेल्या शिलालेखात त्याचे पद ‘प्रिफेक्ट’ असे आहे. दंडाची सरकारी नोंद पाहून त्याने लिहिले, असे यावरून वाटत नाही. रोममध्ये सर्वतोमुखी असलेली माहिती त्याने दिली असावी. तिचे मूळ ख्रिस्ती लोकांच्याच सांगण्यात असू शकेल.

राहिली शुभवर्तमाने. मार्काचे इ. स. ७० च्या सुमाराचे. मत्तय, लूक व योहान त्यानंतरचे, शतकाच्या अखेरपर्यंतचे. ही श्रद्धावंतांनी श्रद्धेसाठी लिहिलेली पुस्तके आहेत; शिवाय मत्तय व लूक यांच्यापुढे मार्काचे पुस्तक होते, म्हणून सामाईक मजकुरापुरते ते स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. तरीही हेतूची कसोटी येथे फलदायी ठरते. येशूने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, ही गोष्ट गुरूला दुसऱ्याहून लहान ठरविणारी असल्याने अडचणीची होती. वधस्तंभावरील मृत्यू तर त्याहून अडचणीचा. कारण गुलामांना व बंडखोरांना दिली जाणारी ती शिक्षा होती, आणि यहुद्यांना तिचा अडथळा होतो व ग्रीकांना ती मूर्खपणाची वाटते, हे पौलच कबूल करतो. तारणारा नव्याने कल्पावयाचा असता, तर त्याला असे मरण कोणी दिले नसते.

येशूचे अस्तित्व नाकारणारे संशोधकही झाले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ब्रूनो बाउअर आणि १९०९ मध्ये आर्थर द्रेव्ह्स यांनी तशी मांडणी केली. समकालीनांचे मौन हा त्या पक्षाचा मुख्य आधार. अलेक्झांड्रियाचा फायलो पिलाताचा उल्लेख करतो, परंतु येशूचा करीत नाही. या युक्तिवादाचे उत्तर आपल्याकडील मीमांसकांच्या एका सूक्ष्म भेदात सापडते. अनुपलब्धी प्रमाण ठरते ती ‘योग्य’ असेल तरच. वस्तू असती तर येथे दिसलीच असती, अशी स्थिती असेल तेव्हाच तिचे न दिसणे तिचा अभाव सिद्ध करते. गालीलातील एका खेडुत उपदेशकाची नोंद अलेक्झांड्रियातील तत्त्वज्ञाने केलीच असती, असे म्हणण्यास आधार नाही.

भौतिक पुराव्याबाबतही तेच. रोमन राज्यात अगणित लोक वधस्तंभावर गेले. त्यांपैकी यरुशलेमेजवळ १९६८ मध्ये सापडलेल्या योहानान नावाच्या पुरुषाच्या टाचेच्या हाडात खिळा मिळाला, हे विरळा उदाहरण होय. याकोबाचे नाव असलेली एक अस्थिपेटी २००२ मध्ये प्रसिद्धीस आली, परंतु तिच्यावरील लेखाविषयी तीव्र मतभेद आहेत. २०१२ मध्ये न्यायालयात बनावटीचा आरोप शाबीत झाला नाही, एवढ्याने तो लेख अस्सल ठरत नाही. असल्या संशयित वस्तूवाचून निर्णय करता येतो, आणि तसाच तो करावा.

५. भाषेची साक्ष

भाषाभ्यासाची येथे मर्यादित, पण उपयुक्त मदत होते. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत आहेत. येशूची बोलभाषा मात्र अरामी होती. मार्क आपल्या ग्रीक मजकुरात ‘इप्फाथा’, ‘अब्बा’, ‘गुलगुथा’ असे अरामी शब्द जसेच्या तसे ठेवतो व त्यांचा अर्थ वाचकांना सांगतो. ‘अब्बा’ हा शब्द पौलाच्या दोन पत्रांत आणि ‘केफा’ हे अरामी नाव त्याच्या लेखनात अनेकदा येते. मार्काच्या आधी लिहिणाऱ्या पौलाने हे शब्द मार्काकडून घेतलेले असणे शक्य नाही. ग्रीक कथनाच्या तळाशी पॅलेस्टाइनमधील अरामी बोलणारा समाज होता, एवढे यावरून निश्चित होते. कथा प्रथमतः रोममध्ये वा अलेक्झांड्रियात रचली गेली, हे मत त्यामुळे दुर्बल ठरते. मात्र अमुक वाक्य येशूच्याच मुखातील, हे भाषेवरून सिद्ध होत नाही. अरामी बोलणारे लोक पुष्कळ होते. एवढेच नव्हे, तर ‘येशू’ हे नावही त्या काळी अतिशय रूढ होते, आणि म्हणूनच जोसेफसला ‘ज्याला ख्रिस्त म्हणत’ अशी पुस्ती जोडावी लागली.

भाषेच्या साक्षीची ताकद व मर्यादा मराठी अभ्यासकांस परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने असे प्रतिपादिले की, ‘ज्ञानेश्वरी’ची भाषा जुनी व अभंगांची त्यामानाने अर्वाचीन दिसते, तेव्हा दोहोंचे कर्ते भिन्न पुरुष असले पाहिजेत. त्यावर मिळालेले उत्तर असे की, अभंग मुखपरंपरेने वाहत आल्याने त्यांची भाषा गाणाऱ्यांबरोबर नवी होत गेली. भाषेचे वय म्हणजे नेहमीच कर्त्याचे वय नव्हे. येशूची वचने तर मुखपरंपरेतून आणि भाषांतरातून, अशा दोन चाळण्यांतून आलेली आहेत; त्यांच्या शब्दांविषयी इतिहासकाराने अधिकच सावध असावे, हे ओघानेच आले.

६. कल्याण आणि बार्थोलोम्यू

आता तोच तराजू कल्याणच्या परंपरेस लावावा. कल्याण पहिल्या शतकात बंदर होते, याविषयी शंका नाही. ‘पेरिप्लस’ या त्याच शतकातील ग्रीक नौकावृत्तात त्याचा निर्देश आहे. बोरिवलीनजीकच्या कान्हेरी लेण्यांतील लेखांत कल्याणहून आलेल्या दात्यांची नावे आहेत. एखादा यहुदी वा ग्रीक प्रवासी तेथे येणे अशक्य नव्हते. मात्र ग्रीक जहाजे तेथे आल्यास पहाऱ्यात भडोचकडे नेली जातात, असेही ‘पेरिप्लस’कार नोंदवितो. कान्हेरीत ख्रिस्ती नाव नाही, यावरून काहीच ठरत नाही. बौद्ध विहारातील दानलेखांत ते नसणारच. तीही अनुपलब्धी ‘योग्य’ नव्हे. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

प्रत्यक्ष साक्ष मिळते ती चौथ्या शतकात. युसेबियस आपल्या चर्चच्या इतिहासात लिहितो की, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील पँतेनस हा अलेक्झांड्रियाचा आचार्य ‘इंडिया’त गेला आणि बार्थोलोम्यूने तेथे ठेवलेले मत्तयाचे हिब्रू शुभवर्तमान त्यास मिळाले, ‘असे म्हणतात’. साक्षीदार स्वतःच ऐकीव गोष्ट म्हणून सांगत आहे. प्रेषित आणि ग्रंथकार यांमध्ये अडीचशे वर्षे आहेत. कल्याणचे नाव तेथे नाही. शिवाय त्या काळी ‘इंडिया’ हा शब्द शिथिल होता. अरबस्तानचा दक्षिण भाग व इथिओपिया यांनाही तो लावीत. बार्थोलोम्यूचे कार्य व मृत्यू आर्मेनियात झाल्याचीही परंपरा आहे.

विसाव्या शतकात फादर पेरुमालिल आणि जॉर्ज मोराइस या अभ्यासकांनी कल्याण परिसराच्या बाजूने मत दिले. या पक्षाच्या युक्तिवादांत नामसाम्याचा भाग मोठा आहे. उत्तरकालीन लॅटिन हौतात्म्यकथेत बार्थोलोम्यूने धर्मदीक्षा दिलेल्या राजाचे नाव ‘पोलिमियस’ असे आहे. तो सातवाहन ‘पुळुमावी’ असावा, असे सुचविले जाते. ध्वनिसाम्य आकर्षक आहे खरे. तथापि याच नावाच्या दुसऱ्या एका समीकरणाशी त्याची तुलना उद्बोधक ठरते. टॉलेमीच्या भूगोलात, सुमारे इ. स. १५० मध्ये, ‘बैठन’ येथील राजाचे नाव ‘सिरोपोलेमैओस’ असे दिले आहे. तो वासिष्ठीपुत्र श्रीपुळुमावी, हे सर्वमान्य आहे. येथे ध्वनिसाम्याला बैठन म्हणजे पैठण या स्थळाचा, टॉलेमीच्या काळाचा आणि नाशिक व कार्ले येथील लेखांचा आधार आहे. पोलिमियसपाशी यांतील काहीच नाही : ग्रंथ उशिराचा, स्थळ अनिश्चित, आणि नाशिकच्या लेखांतील पुळुमावी दुसऱ्या शतकातला, तर प्रेषित पहिल्या शतकातला. ध्वनिसाम्य हा शोधाचा आरंभ असू शकतो. एकट्याने ते सिद्धी देत नाही.

याचा अर्थ उत्तर कोकणातील ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबरच आला, असा मात्र नव्हे. सहाव्या शतकात कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की, ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. हे स्थळ म्हणजे कल्याण, असे बहुतेकांचे मत आहे. १३२१ मध्ये ठाण्यास आलेले भिक्षू उतरले होते तेही तेथील एका नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडील पर्शियन चर्चच्या अनुयायी, कुटुंबाच्या घरी. या दोन साक्षी परस्परांहून स्वतंत्र आहेत आणि दोन्ही पर्शियाच्या दिशेनेच बोट दाखवितात.

७. निष्कर्ष

ठाण्याची १३२१ ची घटना जवळजवळ निश्चित या कोटीत बसते. येशूचे अस्तित्व, योहानाकडून झालेला त्याचा बाप्तिस्मा आणि पिलाताच्या आज्ञेने झालेला त्याचा वध, या गोष्टी अत्यंत संभाव्य या कोटीत येतात. आजचे बहुसंख्य अभ्यासक, त्यांची श्रद्धा कोणतीही असो वा नसो, याच मताचे आहेत. या निर्णयाचा मुख्य भार पौलाची व्यक्तिगत ओळख, जोसेफसचा प्रासंगिक उल्लेख आणि अनुयायांस अडचणीच्या वाटलेल्या घटना यांवर आहे. पुनरुत्थान किंवा देवत्व ही श्रद्धेची विधाने होत; ती या तराजूने सिद्धही होत नाहीत आणि खोटीही ठरत नाहीत.

बार्थोलोम्यूचे कल्याणास आगमन शक्य, परंतु असिद्ध, याच कोटीत ठेवावे लागते. त्यामुळे साष्टीच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास गरीब होत नाही. प्रेषिताच्या अनिश्चित पाऊलखुणेऐवजी सहाव्या शतकातील बिशप आणि चौदाव्या शतकातील ठाण्याचे यजमान कुटुंब, असे दोन टप्पे त्यास मिळतात, व पोर्तुगीज जहाजे वसईस लागण्यापूर्वी या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसे राहत होती, एवढे निःशंकपणे सांगता येते. सहाव्या व चौदाव्या शतकांमधील अंतर भरून काढणे हे पुढील संशोधनाचे काम आहे. आणि साक्षी ज्या दिशेकडे निर्देश करीत आहेत ती पाहता, त्याची साधने लॅटिन हौतात्म्यकथांपेक्षा पर्शियन चर्चच्या सिरियाक कागदपत्रांत शोधणे अधिक फलदायी ठरेल.